कऱ्हाड सापडत नाही तेव्हा

एखाद्या पतसंस्थेच्या संगणकात हजारो खातेदारांची यादी आहे, असं समजू. त्यातले कऱ्हाडचे खातेदार हवे आहेत. गावाच्या रकान्यात शोध घेतला की काही नावं येतात, पण शाखेतल्या लोकांना बघताक्षणी कळतं की ती फारच कमी आहेत. राहिलेल्या नोंदी एकेक उघडून पाहिल्या, तर तिथेही कऱ्हाडच लिहिलेलं. शुद्धलेखन बरोबर, मागेपुढे मोकळी जागा नाही, फॉन्टही तोच. घोळ आहे तो अर्ध्या ऱ मध्ये. हा मराठी र युनिकोडमध्ये तीन वाटांनी लिहिता येतो. ऱ या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यापुढे हलन्त दिला की झालं. दुसरी वाट म्हणजे साधा र, त्याला नुक्ता आणि मग हलन्त. तिसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. ही तिसरी वाट युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली आहे. पडद्यावर तिन्हींचं चित्र एकच, साठवलेले आकडे मात्र तीन तऱ्हांचे. पहिल्या दोन वाटा समान मानाव्यात असा युनिकोडचा नियम आहे आणि त्यासाठी लागणारं नॉर्मलायझेशन बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये तयार मिळतं. तिसरीला तो नियम लागू होत नाही.

असा बग समोर आला की टिकेट बंद करण्याचे दोन मार्ग असतात. एक सोपा: सापडलेल्या नोंदींतलं गाव हाताने दुरुस्त करायचं, किंवा शोधाच्या कोडमध्ये ‘कऱ्हाड’ची दोन-तीन रूपं घुसडून द्यायची. संध्याकाळपर्यंत काम होतं आणि पुढच्या महिन्यात ‘गोऱ्हे’ आडनावाच्या खातेदारावर तोच प्रकार पुन्हा होतो. दुसऱ्या मार्गाला दीड-दोन दिवस लागतात, कारण त्यात अक्षर म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागते. संगणक अक्षरं साठवत नाही, क्रमांक साठवतो. ते क्रमांक बाइट्समध्ये कसे मांडायचे हा आणखी वेगळा करार. ‘मराठी’ हा शब्द आपल्या लेखी तीन अक्षरांचा, युनिकोडच्या लेखी पाच चिन्हांचा आणि यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट्सचा. ‘या शब्दाची लांबी किती?’ या प्रश्नाला तीन बरोबर उत्तरं आहेत, हे ज्याला एकदा कळलं, त्याला मराठी एसएमएस १६० ऐवजी ७० चिन्हांत का संपतो, हे वेगळं शिकावं लागत नाही. प्रोग्रॅमरने सतत शिकत राहावं, हे सगळेच म्हणतात. माझं म्हणणं जरा अडचणीचं आहे: ज्याला आपण सतत शिकणं म्हणतो, त्यातला बराच भाग शेजारच्या दुकानातली नवी पाटी वाचण्यासारखा आहे. खरं शिकणं आपण उभे आहोत त्याच्या एक मजला खाली असतं, आणि तिथे उतरायचा जिना बहुतेक वेळा एखाद्या बगमधूनच जातो.

हे म्हणणं पटवायचं तर आधी ‘हे क्षेत्र रोज बदलतं’ या वाक्याची झाडाझडती घ्यायला हवी. बदलतं, यात वाद नाही. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या क्लासेसमध्ये फॉक्सप्रो आणि व्हिज्युअल बेसिक शिकून कितीतरी मुलं नोकरीला लागली. व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती १९९८ ची, आणि त्या घराण्यातली ती शेवटचीच ठरली. फ्लॅशवर एके काळी निम्मं मनोरंजन चालायचं. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला ते मिटवलं. अँग्युलरजेएस २०१० मध्ये आलं, २०१६ मध्ये त्याच्याच दुसऱ्या अवताराने जुना कोड निरुपयोगी केला. ही यादी लांबवता येईल, आणि लोक ती लांबवतातच. पण दुसरी यादी कुणी सांगत नाही. एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना १९७० मध्ये मांडली, तिच्यावरची एसक्यूएल १९७४ पासून आहे. सी भाषा १९७२ च्या सुमाराची, युनिक्स १९६९ चं. इंटरनेटचा पाया असलेला टीसीपी-आयपी हा करार अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजाने १ जानेवारी १९८३ ला स्वीकारला, आणि आज दुपारी तुम्ही पाठवलेला फोटो त्याच करारानुसार गेला. कोबॉल तर १९५९ ची. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडमुळे बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबॉल येणाऱ्यांनी मदतीला यावं असं जाहीर आवाहन करावं लागलं होतं. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की दिसतं ते असं: वरची पुटं झपाट्याने निघतात, भिंत तीच राहते. ‘रोज नवं शिका नाहीतर संपलात’ हे वाक्य भिंतीबद्दल कधीच नसतं. ते म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा पुटं विकण्याचा धंदा असतो, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

खालच्या मजल्यावर काय मिळतं, ते जरा जवळून पाहू. एखाद्या यादीत कोटभर नावं आहेत आणि ‘कुल’ने सुरू होणारी आडनावं हवी आहेत. डेटाबेसमध्ये आडनावावर इंडेक्स असेल, तर उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं. आता ‘कर’ने संपणारी आडनावं मागा. तोच डेटाबेस, तोच इंडेक्स, आणि यंत्र घामाघूम होतं. नवखा प्रोग्रॅमर इथे सर्व्हर वाढवून मागतो. पण जुनी टेलिफोन डिरेक्टरी आठवा. कुलकर्णी शोधायला आपण थेट ‘क’ची पानं उघडायचो. त्याच डिरेक्टरीत सगळे ‘कर’ शोधायचे म्हटलं तर? पणशीकर एका पानावर, सावरकर दुसऱ्या, तेंडुलकर तिसऱ्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं चाळल्याशिवाय गत्यंतर नाही. इंडेक्स ही अशीच क्रमाने लावलेली डिरेक्टरी असते. बहुतेक डेटाबेसमध्ये ती बी-ट्री नावाच्या रचनेत ठेवतात. बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बायर आणि मॅक्रेट या दोघांनी ती १९७० च्या सुमारास मांडली. या रचनेच्या एका पानात शेकडो खुणा मावतात, म्हणून कोटभर नावांतलं एक गाठायला तीन-चार पानं उलटली की पुरतं. पण सुरुवातीचं अक्षरच दिलं नाही, तर ती रचना काही करू शकत नाही. हे समजलेला माणूस सर्व्हर मागत नाही. तो आडनाव उलटं लिहून त्याचा दुसरा इंडेक्स बनवतो. मग ‘कर’ने संपणारी नावं ‘रक’ने सुरू होतात आणि काम पुन्हा क्षणाचं होतं. ही युक्ती फॉक्सप्रोच्या काळातही लागू होती, आज पोस्टग्रेसमध्ये लागू आहे, आणि उद्या जे काही येईल त्यातही, नावं क्रमानेच लावलेली असतील तोवर, लागू राहील.

फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ च्या एका गाजलेल्या निबंधात सॉफ्टवेअरमधल्या कठीणपणाचे दोन भाग केले होते: एक कामाच्या स्वभावातच असलेला, दुसरा आपल्या हत्यारांमुळे आलेला. शिकण्यालाही ही विभागणी लावता येते. हत्यारातलं शिकणं आवश्यक आहे. ते न शिकता काम होत नाही. पण ते नाशवंत आहे आणि, मुद्दा इथे आहे, ज्याला स्वभावातलं कळलं त्याला ते स्वस्तात पडतं. फॉक्सप्रोवर काम करताना टेबल्स का फोडायची, दोन टेबल्स जोडताना नोंदी दुप्पट का होतात, हे ज्यांना उमगलं होतं, त्यांना ओरॅकलवर जाताना फक्त नवी लिपी शिकावी लागली. ज्यांनी कोणती कमांड कुठे टाकायची एवढंच पाठ केलं होतं, त्यांचं सगळं ज्ञान त्या पॅकेजबरोबर गेलं. म्हणून ‘मला पाच फ्रेमवर्क येतात’ या वाक्याने मला फार काही कळत नाही. पाचवं शिकायला पहिल्यापेक्षा किती पट कमी वेळ लागला, हे कळलं तर माणसाचा अंदाज येतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: गाडी चालवायला इंजिन कशाला कळायला हवं? वरचे थर बनवलेच आहेत ते खालचं झाकायला. आक्षेप वजनदार आहे, आणि तो मान्य केला नाही तर आपण सगळे अजून ट्रान्झिस्टरपाशीच बसलो असतो. पण गाडी चालवणारा गाडी बनवत नाही, प्रोग्रॅमर बनवतो. शिवाय सॉफ्टवेअरमधलं झाकण गळकं असतं. जोएल स्पोल्स्की यांनी २००२ मध्ये हे नियम म्हणूनच मांडलं होतं: झाकण थोडंही गुंतागुंतीचं असलं, की ते कुठेतरी झिरपणारच. रोजचं उदाहरण घ्या. शंभर ऑर्डर्स दाखवणारं एक पान आहे, प्रत्येकीपुढे ग्राहकाचं नाव. कोड वाचायला सुरेख, चार ओळींचा, त्यात एसक्यूएलचा मागमूस नाही. पडद्यामागे मात्र ऑर्डर्ससाठी एक प्रश्न आणि मग प्रत्येक नावासाठी एकेक, असे एकशे एक प्रश्न डेटाबेसकडे जात असतात. बनवणाऱ्याच्या लॅपटॉपवर दहा ऑर्डर्स होत्या, तेव्हा काही जाणवलं नाही. दिवाळीच्या खरेदीत जाणवतं. अशा वेळी झाकण उचलून खाली पाहता येणारा एक तरी माणूस टीममध्ये लागतो, आणि तो आयत्या वेळी तयार होत नाही. मला पायथ्यापर्यंत जा असं म्हणायचं नाही. एकच मजला. वेबवाल्याला एचटीटीपी आणि डेटाबेस कळावा, डेटाबेसवाल्याला डिस्क आणि मेमरी. प्रत्येकाने सिलिकॉनपर्यंत खणावं, हा हट्ट वेळेचा अपव्यय आहे.

दुसरा आक्षेप नवा आहे आणि सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे: आता कोड एआय लिहितो, मग खालचं काय आणि वरचं काय, शिकायचंच कशाला? गिटहबचा कोपायलट २०२१ मध्ये आला, चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरअखेर. त्यानंतर टायपिंगचं मोल उतरलं, हे खरंच आहे, आणि त्याबद्दल मला अजिबात हळहळ नाही. पण कऱ्हाडकडे परत येऊ. अशा यंत्राला ‘शोधात काही नावं सापडत नाहीत’ एवढंच सांगितलं, तर ते नॉर्मलायझेशन करा म्हणेल, आणि ते बरोबर असेल. तीनपैकी दोन वाटा एक होतील. तिसरी उरते. आता कुणी, माणसाने किंवा यंत्राने, असं सुचवलं की अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाकावीत, तर ते ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटतं. इंग्रजी मजकुराबाबत त्याने सहसा काही बिघडतही नाही. मराठीत काय होतं? तिसऱ्या वाटेने लिहिलेल्या ‘दऱ्या’मधलं ते चिन्ह काढलं, की उरतो साधा र आणि हलन्त, आणि पडद्यावर रफार येऊन शब्द होतो ‘दर्या’. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला! चाचण्या हिरव्या, प्रोग्रॅम कुठे अडखळत नाही, आणि हजारो नोंदी गुपचूप नासलेल्या. बरोबर उपाय आहे छोटासाच: र, हलन्त आणि जोडचिन्ह ही तिकडी जिथे दिसेल तिथे तिच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवा, नॉर्मलायझेशन करा, आणि बाकीच्या जोडचिन्हांना विचार केल्याशिवाय हात लावू नका. हा उपाय यंत्रही लिहून देईल, पण कुणीतरी त्याला नेमकं विचारलं तर. विचारायला काय हवं हे कळणं आणि आलेलं उत्तर चुकीचं आहे हे ओळखणं, ही दोन कामं आता प्रोग्रॅमरकडे उरली आहेत, आणि दोन्हींना खालचा मजला लागतो. लिहिणं स्वस्त झालं की तपासणं महागतं.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. कधी कधी भिंतच हलते. २००५ च्या आसपास प्रोसेसरच्या क्लॉकचा वेग वाढायचा जवळजवळ थांबला, कंपन्या एका चिपवर अनेक कोर देऊ लागल्या, आणि एकापाठोपाठ एक पायऱ्या असा विचार करण्यात आयुष्य घालवलेल्यांना एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा विचार शिकावा लागला. मशीन लर्निंगने याहून मोठा धक्का दिला. आपण नियम लिहायचे आणि यंत्राने पाळायचे, ही जुनी वाटणीच मोडली. एकाच प्रश्नाला दोन वेळा दोन उत्तरं देणाऱ्या प्रणालीची चाचणी कशी करायची, हा प्रश्न जुन्या पुस्तकांतून सुटत नाही. तेव्हा ‘पाया पक्का करा, बाकी आपोआप होईल’ असं म्हणणारा फसवतो. तरीही या नव्या प्रांतात ज्यांचे पाय लवकर टेकले, ते कुठून आले? मॅट्रिक्स, संभाव्यता आणि कलनशास्त्र यांच्याकडून. चुकीचा दोष न्यूरल नेटवर्कच्या थराथरातून मागे वाटत नेण्याची रीत १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखाने सर्वदूर पोचली. चॅटजीपीटीमागचं २०१७ चं ट्रान्सफॉर्मर शिकवायलाही तीच रीत लागते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ‘एम-थ्री’ कसाबसा काढून आपण सुटलो असं ज्यांना वाटलं होतं, त्यांच्यावर हा विषय पंधरा वर्षांनी उलटला आहे.

खालच्या मजल्याइतकाच महत्त्वाचा आणि त्याहून दुर्लक्षित असा आणखी एक विषय आहे: ज्या कामासाठी प्रोग्रॅम लिहिला, ते काम. डेन्मार्कचे पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये म्हटलं होतं की प्रोग्रॅम म्हणजे त्याचा मजकूर नव्हे. तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली त्या कामाची समज म्हणजे प्रोग्रॅम. ती समज असलेली माणसं पांगली की मजकूर शाबूत राहूनही प्रोग्रॅम मरतो. याचा धडधडीत पुरावा १ ऑगस्ट २०१२ ला मिळाला. नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीने आपल्या आठ सर्व्हरांपैकी सातांवर नवा कोड चढवला, आठवा राहून गेला. नव्या कोडने ज्या खुणेचा पुनर्वापर केला होता, तिचा जुन्या कोडमधला अर्थ वेगळाच होता. अनेक वर्षं निजलेला एक भाग त्या आठव्या सर्व्हरवर जागा झाला आणि पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. त्या खुणेचा जुना अर्थ त्या सर्व्हरवरच्या कोडमध्ये अजून शिल्लक होता. आपल्याकडचं उदाहरण कमी नाट्यमय पण जास्त परिचयाचं आहे. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे टप्पे बदलले. ज्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये कराचा दर वस्तूला चिकटवलेला होता, तिथे दर बदलताच जुन्या बिलांची फेरछपाई चुकीची येणार. ज्याने हिशेबनीसाशेजारी बसून ‘दर तारखेचा असतो, वस्तूचा नसतो’ हे समजून घेतलं होतं, त्याला त्या सप्टेंबरात एक ओळ वाढवावी लागली असेल. हिशेबनीसाकडून शिकलेलं हे कुठल्याच सर्टिफिकेटमध्ये बसत नाही.

आणि इथेच बाजाराचा आक्षेप येतो, जो खरं तर सगळ्यात बोचरा आहे. मुलाखतीआधी बायोडेटा चाळणारं यंत्र फ्रेमवर्कची नावं शोधतं. ‘याला इंडेक्स आतून कळतो’ असा रकाना कुठे नाही. हे अगदी खरं आहे. पोट भरण्यासाठी नावं लावावी लागतात, ती लावावीत, पंधरवड्यात जेवढं जमेल तेवढं शिकून लावावीत, त्यात लाज वाटायचं कारण नाही. चूक होते ती तेच शिक्षण समजण्यात. वेळेचा प्रश्न त्याहून अवघड. ‘शनिवार-रविवारी शिका’ हा सल्ला ज्याच्या घरी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि आईचं औषध दुसरं कुणीतरी बघतं, त्यालाच परवडतो. आपल्याकडे तो सल्ला बहुतेक बायकांना बाद करतो. हिंजवडीच्या रहदारीत रोजचे दोन-अडीच तास घालवून घरी आलेल्या माणसाने रात्री अकराला बी-ट्री वाचावी, ही अपेक्षा करणाऱ्या मॅनेजरने स्वतः शेवटचं काय वाचलं, हे विचारायला हवं. खालच्या मजल्यावरचं शिकणं बगमधून होतं, असं मी सुरुवातीला म्हटलं ते याचसाठी: बग कामाच्या वेळेत येतो. टिकेटला अर्ध्या दिवसाऐवजी दोन दिवस देणं, कारण सापडल्यावर ते अर्ध्या पानात लिहून टीमसमोर मांडायला लावणं, एवढं टीमलीडच्या हातात असतं आणि त्याला ट्रेनिंगच्या बजेटची सही लागत नाही. ज्या कंपन्या सर्टिफिकेटांचे आकडे क्लायंटला दाखवतात आणि हे दोन दिवस नाकारतात, त्या आपल्या माणसांना शिकवत नाहीत, त्यांच्यावर लेबलं चिकटवतात.

युनिकोडचे नॉर्मलायझेशनचे नियम गेली वीसपेक्षा जास्त वर्षं कुणालाही फुकट वाचायला उपलब्ध आहेत. ते वाचायला घेण्याआधी एक करून बघा. तुमची टीम जी प्रणाली सांभाळते, तिच्या शोधखिडकीत ‘कऱ्हाड’ तिन्ही वाटांनी लिहा आणि तीन वेळा किती नोंदी आल्या, ते कागदावर मांडा.